चार बोटं प्लीहा

"मॅडम, माझे हात बहिरे आहेत का?" हर्षदा मडावीने विचारलं.

ती खुर्चीच्या टोकावर बसली होती. दोन्ही तळवे मांडीवर उताणे, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते आणि आज परत करायचे होते.

डॉ. कस्तुरी तायवाडेला हसू आलं, पण तिने ते आवरलं. सावरखेडच्या वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिन विभागात ती असिस्टंट प्रोफेसर होती. प्रात्यक्षिक परीक्षेत नापास झालेल्यांना समोर बसवून त्यांचं कुठे चुकलं हे दाखवणं, हे तिच्याकडे सोपवलेलं काम. आज शुक्रवार. परीक्षा काल संपली होती. मेडिसिनचे अंतिम गुण आज संध्याकाळी पाचला विद्यापीठाकडे जायचे होते, आणि या वेळी नापास झालेली विद्यार्थिनी एकच होती.

"हात बहिरे नसतात गं. घाईत असतात," कस्तुरी म्हणाली. "बघू या."

हर्षदाला परीक्षेत सात नंबरची केस आली होती. उत्तरपत्रिकेत तिने लिहिलं होतं, 'प्लीहा हाताला लागत नाही.' त्यावर लाल शाईची तिरपी रेघ होती आणि समोर परीक्षकांचं अक्षर, 'चार बोटं!!' विभागप्रमुख देवपुजारी सर वर्गात नेहमी सांगत, की चार बोटं वाढलेली प्लीहा चुकवणं म्हणजे अंगणात बांधलेली म्हैस न दिसणं. अशा चुकीला माफी नव्हती. सहा महिने गेले, पुन्हा परीक्षा.

"बाबांना अजून सांगितलं नाही," हर्षदा म्हणाली. "त्यांनी गावात पेढे सांगून ठेवलेत."

कस्तुरीने पडद्यावर हर्षदाचा स्पर्शलेख उघडला.

परीक्षेत मोजे घालणं सक्तीचं होऊन तीन वर्षं झाली होती. दिसायला ते ऑपरेशनच्या मोज्यांसारखेच, पण त्यांच्या रबरात केसाहून बारीक तारांचं जाळं होतं. हाताच्या दोनशे चाळीस ठिकाणी किती दाब पडतो आहे, हे तो मोजा सेकंदाला शंभर वेळा टिपायचा. त्यातून पडद्यावर एक रेघ उमटायची. हृदयाचा जसा आलेख, तसा हा हाताचा. मोज्याला रोगातलं काही कळत नव्हतं. हात कुठे गेला, किती खोल दाबला, किती वेळ थांबला, एवढंच त्याला कळायचं. पूर्वी दोन परीक्षक चाळीस मुलांना हाकलत न्यायचे. कुणाचा हात पोटावर नेमकं काय करतो आहे, हे बघायला कुणालाच उसंत नसायची, आणि नापास झालेल्याला 'अभ्यास वाढवा' यापलीकडे कुणी काही सांगायचं नाही. मोज्याने ते काम अंगावर घेतलं होतं. नियम मात्र असा होता, की लेख फक्त नापास झालेल्यांचे उघडायचे. पास झालेल्याच्या हाताकडे बघण्याचं कारण काय?

"हे बघ," कस्तुरीने पेन्सिलीचं टोक पडद्यावर ठेवलं. "प्लीहा, गावाकडे पानथरी म्हणतात ती, डाव्या बरगड्यांच्या आड असते. निरोगी माणसाची हाताला लागतच नाही. वाढली की खाली येते, तिरकी, बेंबीच्या दिशेने. ती शोधायला बोटं खुपसायची नसतात. बोटं ठेवायची, पेशंटला खोल श्वास घ्यायला सांगायचं, आणि वाट बघायची. श्वास घेतला की श्वासपटल खाली येतं, ते प्लीहेला ढकलतं, आणि तिची कड आपण होऊन बोटांना येऊन टेकते."

"गादीखालच्या पुस्तकाची कड लागावी तशी. तुम्हीच शिकवलं होतं."

"बरोबर. ती टेकली, की लेखात इथे, श्वासाच्या शेवटी, एक छोटा उंचवटा येतो. आता तुझी बोटं कुठे..."

कस्तुरी थांबली. हर्षदाची बोटं उजवीकडे खालून सुरू होऊन, दर श्वासाला दोन सेंटिमीटर सरकत, डाव्या बरगड्यांपर्यंत गेली होती. नऊ श्वास. प्रत्येक श्वासाला हात स्थिर. तंत्राचे गुण शंभरपैकी चौऱ्याण्णव. असा लेख कस्तुरीने तीन वर्षांत पाहिला नव्हता. आणि त्यात उंचवटा कुठेच नव्हता.

"काय झालं, मॅडम?"

"काही नाही. बरोबर लेख कसा असतो, तो शेजारी लावते."

नियम बाजूला ठेवून तिने सात नंबरच्याच केसमध्ये पैकीच्या पैकी गुण मिळवलेल्या अद्वैत बोरगावकरचा लेख उघडला. अद्वैत वर्गात पहिला. त्याने फक्त दोन श्वास हात ठेवला होता. रेघ सपाट होती.

कस्तुरीने दुसरा लेख उघडला. सपाट. तिसरा, चौथा, पाचवा. चार दिवसांत सात नंबरची केस अकरा विद्यार्थ्यांना मिळाली होती. दहा जणांनी 'चार बोटं' लिहिलं होतं. दहाच्या दहा रेघा सपाट, उन्हाळ्यातल्या नदीसारख्या.

"मोजा बिघडलाय का, मॅडम?"

"तेच बघते. तू बाहेर बस जरा. पाणी पी. कुठे जाऊ नकोस."

हर्षदा गेली. कस्तुरीने चार नंबरच्या केसचे लेख काढले. तेच मोजे, तेच चार दिवस. तिथे पेशंटचं यकृत वाढलेलं होतं, आणि प्रत्येक लेखात त्याचा उंचवटा लख्ख दिसत होता. मोजे ठणठणीत होते.

परीक्षकांनाही मोजे घालावे लागत. देवपुजारी सरांचा लेख तिने आधी कधी उघडला नव्हता; तसं करणं तिला उद्धटपणाचं वाटलं असतं. तो उघडला. दीड सेकंद. हात ठेवला, उचलला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तर पोटाला हात लावलाच नव्हता.

आणि मग तिला आठवलं, की आणखी एक लेख आहे.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी सकाळी विभागातला एक कनिष्ठ अध्यापक सगळ्या केसेस तपासतो आणि प्रत्येकीचं उत्तर लिहून सही करतो. त्या उत्तरावरून परीक्षक गुण देतात. या वेळी ती सही कस्तुरीची होती. सोमवारी आठ वाजून दहा मिनिटांनी तिने स्वतः सात नंबरच्या पोटावर हात ठेवला होता, आणि तिला कड लागली होती. अगदी स्पष्ट. ती कड आत्ताही तिच्या बोटांना आठवत होती.

तिने आपला लेख उघडला.

सपाट.

मेंदूबद्दल शिकताना वाचलेलं तिला नीट ठाऊक होतं, की बोटांकडून आलेला संदेश मेंदू कोरा वाचत नाही. काय येणार याचा अंदाज तो आधीच बांधून बसलेला असतो, आणि अंदाज पक्का असला तर कमी पडलेलं स्वतः भरून काढतो. अंधारात जिना उतरताना नसलेल्या पायरीवर पाय पडतो, तसं. सोमवारी तिच्या हातात गेल्या परीक्षेचा कागद होता, त्यावर 'चार बोटं' लिहिलेलं होतं. बोटांनी ते वाचलं होतं. पोट वाचलंच नव्हतं.

पण मग प्लीहा गेली कुठे?

ती उठली आणि वॉर्डाकडे जवळजवळ धावत सुटली.

परीक्षेच्या केसेस दर वेळी त्याच असत. जुने, बऱ्या न होणाऱ्या आजारांचे, शांत स्वभावाचे लोक. उन्हाळी आणि हिवाळी परीक्षेआधी वॉर्डातल्या सुलोचनाबाई त्यांना फोन करायच्या, "सात नंबर, सोमवारी या." ते येत, चार दिवस राहत, जेवत, मुलांपुढे पोट उघडं टाकून पडत. मुलांना नंबर पाठ असायचे. आदल्या दिवशी मोबाइलच्या ग्रुपवर यादी फिरायची आणि शिक्षक ते माहीत असून डोळ्यांवर कातडं ओढायचे. सात नंबर म्हणजे दौलत नेवारे. दौलतमामा. बारा वर्षं येत होते. घाबरलेल्या मुलांना तेच हळूच सांगत, "चार बोटं लिवून टाक, बापू."

मामा निघायच्या तयारीत होते. कापडी पिशवीत टॉवेल कोंबत होते.

"मामा, एक मिनिट. परत झोपता का जरा?"

"झोपतो न, जी."

कस्तुरीने पडदा ओढला. या वेळी हातात कागद नव्हता. तिने नऊ श्वास मोजले. काही नाही. कुशीवर वळवून पुन्हा पाहिलं. डाव्या बरगड्यांवर बोट ठेवून टकटक केली, तर आवाज पोकळ. वाढलेल्या प्लीहेवर तो भरीव यायला हवा होता.

मग तिने चार दिवसांत पहिल्यांदा त्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. नाक तेच, कपाळ तेच. पण वय आठदहा वर्षांनी कमी.

"मामा, नाव काय तुमचं?"

"शालिक नेवारे."

"आणि दौलत?"

"तो त माहा मोठा भाऊ. गेला न जी तो. दिवाळीच्या आंधीच."

कस्तुरीच्या तोंडून घरची भाषा निघाली. "मग तुम्ही काहून आले?"

"बाईचा फोन आला. दादाच्याच फोनवर आला. त्यानं मले सांगून ठेवलं होतं, फोन आला त जाजो, पोट्ट्यायची परीक्षा माह्यासाठी अडू नोको देऊ. म्या म्हनलं, दादा, मले त पानथरीची बिमारी नाई. तो म्हने, पोट त आहे न!" शालिक ओशाळून हसले. "गलती झाली काय, जी?"

"कुणी विचारलं नाही तुम्हाला? नाव, काही?"

"विचारलं न. तुमीच विचारलं सोमवारी, काय दौलतमामा, बरं आहे न? म्या म्हनलं, हाव. बरंच होतं."



"दौलतमामा कशाने गेले?"

"पोटात गाठ निंगाली. इकडे." त्यांनी उजव्या बरगडीखाली हात ठेवला. "मोठ्या दवाखान्यात नेलं, त तिथचा डॉक्टर खवळला. म्हने, लय उशीर केला, इतके दिवस कुठी दाखवत नव्हते काय? दादा म्हने, दाखवत होतो न, साहेब. सहा सहा महिन्याले दाखवतो. तीस-तीस डॉक्टर पाहतेत मले."

कस्तुरी पलंगावर बसली.

दौलतमामांच्या यकृतात 'ब' प्रकारच्या काविळीचा विषाणू होता. वर्षानुवर्षं तो यकृत पोखरतो, यकृत वाळून कडक होतं, रक्त तुंबतं आणि प्लीहा वाढते. हे सगळं त्यांच्या केसपेपरवर होतं आणि दर परीक्षेत मुलं ते घडाघडा म्हणत. अशा यकृतात कधीतरी कर्करोगाची गाठ धरते, म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची, हेही मुलं म्हणत. तोंडी परीक्षेतला तो ठरलेला प्रश्न होता. वेळेवर सापडली तर बारीक गाठ काढता येते, जाळता येते. आणि दौलतमामा नेमके दर सहा महिन्यांनी येत होते. एकदाही न चुकता. सोनोग्राफीची खोली वॉर्डापासून साठ पावलांवर होती. पण त्यांचा केसपेपर 'परीक्षा' असा शिक्का मारून वेगळ्या कपाटात ठेवलेला असे, आणि केसला कुणी तपासण्या लिहीत नाही.

मागच्या उन्हाळी परीक्षेत ते तिला म्हणाले होते, भूक लागत नाही, मॅडम. तिने काय उत्तर दिलं होतं, तेही तिला आठवलं. 'पोट जरा ढिलं सोडा, मामा.'

"तुमची आई कशाने गेली?" तिने विचारलं.

"काविळीनं. आमी लहान होतो."

आईकडून हा विषाणू मुलांना जन्मतानाच मिळू शकतो. दोन्ही मुलांना. बारा वर्षांत कुणीही दौलतमामांना विचारलं नव्हतं, की तुम्हाला भाऊ आहे का. कस्तुरीने स्वतः सुई घेतली, रक्त काढलं, काविळीच्या चाचणीच्या पट्टीवर टाकलं. पंधरा मिनिटं दोघं पट्टीकडे बघत बसले. दोन रेघा उमटल्या.

"म्हंजे मीबी आता केस?" शालिकने विचारलं.

"पेशंट," ती म्हणाली. "उद्या सकाळी सोनोग्राफी. आज गावाला जायचं नाही. आणि हा कागद घ्या, यावर तुमचं स्वतःचं नाव आहे."

पावणेचारला ती देवपुजारी सरांच्या खोलीत उभी होती. सर चष्मा कपाळावर सरकवून गुणपत्रकावर सह्या करत होते. तिने सगळं सांगितलं. लेख आधी, शालिक नंतर, दौलतमामा शेवटी.

"मोजा कंपनीला परत पाठव," सर पहिल्याच वाक्यानंतर म्हणाले होते. शेवटच्या वाक्यानंतर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"दौलत गेला?"

"ऑक्टोबरमध्ये."

"मला कुणी कळवलं नाही."

"कोण कळवणार, सर? आपल्या पेशंटच्या यादीत ते नव्हतेच."

"मी शोधली होती त्याची प्लीहा. पहिल्यांदा. दोन हजार सव्वीस साली. तेव्हा ती खरंच चार बोटं होती, कस्तुरी."

"हो सर. तेव्हा."

सरांनी खुर्ची मागे ढकलली. "हे बघ. दहा मुलं पास झालीत. त्यांचे गुण काढून घेतले तर उद्या दहा बाप कोर्टात उभे राहतील. वर्तमानपत्रांत काय छापून येईल ते तू वाचशील का? मेलेल्या माणसाची प्लीहा सापडली सावरखेडला! आणि पहिली मान कुणाची जाईल? उत्तर तू लिहिलंस. सही तुझी आहे."

"माहीत आहे. म्हणून माझा लेख सगळ्यात वर ठेवलाय." तिने कागदांचा गठ्ठा टेबलावर सरकवला. "माझं निवेदनही आहे. न तपासता उत्तर लिहिलं, असं."

"न तपासता? हात ठेवला होतास ना?"

"ठेवला होता. तेच तर वाईट आहे, सर. मला लागली होती."

खिडकीखाली कॅन्टीनच्या पोऱ्यावर कुणीतरी ओरडत होतं. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजायला आले होते.

"त्या मुलीला पाच-दहा गुण वाढवून पास करू," सर हळू आवाजात म्हणाले. "कुणाला काही कळणार नाही. विषय संपला."

"आणि पुढच्या परीक्षेला सात नंबर म्हणून कोण येईल? शालिकचा मुलगा?"

सरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि गठ्ठ्यातून आपला लेख काढला. कागद जवळ घेतला, लांब धरला.

"दीड सेकंद?"

"एक पूर्णांक बावन्न."

"मी अठ्ठावीस वर्षं पोरांना सांगतोय, थांबायला शिका म्हणून." त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्या जुन्या नोकराला चोरी करताना पकडल्यावर पाहावं. "त्या दिवशी तीन वाजता मला मीटिंग होती. तेवढंच आठवतं. पण लागली होती, कस्तुरी. शपथेवर सांगतो, मलाही लागली होती."

मग त्यांनी फोन ओढला. विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला लागायला सात मिनिटं लागली. सर उभे राहून बोलले. "देवपुजारी. सावरखेड. केस क्रमांक सातचे सगळे गुण थांबवा. उत्तरच चुकीचं होतं. ... नाही, मुलांनी नाही, आम्ही केलंय. ... हो, परीक्षक म्हणून मी लेखी देतोय. दहा जणांची पुन्हा परीक्षा घ्यावी लागेल. ... अकरावी? अकरावी पास आहे. एकटी तीच बरोबर होती."

त्यांनी फोन ठेवला. कस्तुरी दाराकडे वळली.

"थांब. त्या पोरीला मी सांगतो," सर म्हणाले.

"नको सर. ती अकरा वाजल्यापासून माझ्यासाठी बसून आहे."

हर्षदा फीडबॅकच्या खोलीबाहेरच्या बाकावर होती. शेजारी न उघडलेला डबा. कस्तुरी तिच्याजवळ बसली आणि एकेक करून सगळं सांगितलं. हर्षदाचा चेहरा आधी कोरा होता. मग दौलतमामांचं ऐकताना तिने तोंडावर हात ठेवला.

"तू पास आहेस," कस्तुरी म्हणाली. "बाबांना फोन कर. अकरा विद्यार्थी, दोन परीक्षक आणि मी, चौदा जणांत फक्त तुझ्या हाताने खरं सांगितलं. मी मघाशी तुला शिकवायला बसले होते. तूच आम्हाला शिकव आता."

हर्षदा हसली नाही. तिने डबा उचलून मांडीवर घेतला, पुन्हा खाली ठेवला.

"मॅडम, एक सांगू? रागावू नका."

"बोल."

"मी दुसऱ्या वर्षी बदली होऊन आले ना इथे. मला त्या ग्रुपवर कुणी घेतलंच नाही. आदल्या दिवशी यादी फिरली, ती माझ्यापर्यंत पोचली नाही. सात नंबर म्हणजे काय, ते मला ठाऊकच नव्हतं." तिने मान वर केली. डोळे भरले होते, पण आवाज अगदी सरळ होता. "मला कुणी सांगितलं असतं, तर मलाही लागली असती."